‘नवी वाढ’ आणि मुदतीची नेमणूक

एखाद्या व्यवसायात माणसाची गणना कशी होते, हे पुष्कळदा त्याला लावल्या जाणाऱ्या शब्दावरून कळून येते. जर्मन विद्यापीठांत प्राध्यापकपदापर्यंत न पोचलेल्या संशोधकांसाठी ‘नाखवूक्स’ ही संज्ञा दीर्घकाळ रूढ होती, आणि ती अजून पुरती मागे पडलेली नाही. ‘नाख’ म्हणजे मागून आणि ‘वाक्सन’ म्हणजे वाढणे. मागून उगवून येणारी नवी वाढ, असा तिचा व्युत्पत्त्यर्थ होतो. शब्द निरुपद्रवी दिसतो. परंतु जर्मन शासनाच्या २०२१ सालच्या अहवालात ही नवी वाढ पंचेचाळीस वर्षांच्या वयापर्यंत मोजलेली आहे. आणि प्राध्यापक वगळता त्या वयाखालील विद्यापीठीय सेवकवर्गापैकी ९२ टक्के लोक मुदतीच्या करारावर असल्याचे त्यात नमूद आहे. यांत प्रबंध लिहिणारे तरुणही येतात, आणि प्रबंधाला मुदत असणे स्वाभाविकच होय. प्रश्न आहे तो पदवी मिळाल्यानंतरही वर्षानुवर्षे शिकविणाऱ्या, प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या व ग्रंथ लिहिणाऱ्या माणसांचा. त्यांची नेमणूक अस्थिर का, याला पैशाचा तुटवडा हे एकच कारण सांगितले जाते. ते अपुरे आहे. या अस्थिरतेचे मूळ कायद्यातील एका कल्पनेत आहे, आणि ती कल्पना वरील शब्दातच दडलेली आहे.

ही स्थिती सर्वस्वी नवी नाही. एकोणिसाव्या शतकातील जर्मन विद्यापीठांत ‘प्रिव्हाटडोझेंट’ नावाचा अध्यापकवर्ग होता. दुसरा मोठा प्रबंध सादर करून व्याख्याने देण्याचा अधिकार मिळवावयाचा. मात्र त्या अधिकारासोबत वेतन नसे. श्रोते जी फी भरीत, तेवढीच प्राप्ती. माक्स वेबर यांनी १९१७ साली म्युनिक येथे विद्याव्यवसायावर जे प्रसिद्ध व्याख्यान दिले, त्याचा आरंभ ज्ञानाच्या थोरवीने न करता याच बाह्य परिस्थितीने केला होता. घरची संपत्ती असल्याखेरीज तरुणाने या मार्गात पडणे धोक्याचे आहे, आणि अखेर पद कोणाला मिळेल हे बव्हंशी दैवाच्या हाती आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

पुढे वेतन आले. स्थैर्य मात्र आले नाही. विद्यापीठीय सेवकांसाठी मुदतीच्या करारांचा स्वतंत्र कायदा जर्मनीत प्रथम १९८५ साली झाला. २००२ साली त्याला बारा वर्षांची कमाल मर्यादा घालण्यात आली. एप्रिल २००७ पासून ज्या कायद्याने ही व्यवस्था चालते, त्याचे नाव मराठीत ‘विद्वत्सेवेतील मुदती करारांचा कायदा’ असे देता येईल. त्याचे स्वरूप थोडक्यात असे : डॉक्टरेटपूर्वी सहा वर्षे आणि डॉक्टरेटनंतर सहा वर्षे (वैद्यकशास्त्रात नऊ) विद्यापीठाला मुदतीचे करार करता येतात. मुलाबाळांची जबाबदारी असल्यास दर अपत्यामागे दोन वर्षे वाढवून देण्याची तरतूद आहे. ही वर्षे संपल्यावर बाहेरून निधी आलेल्या एखाद्या प्रकल्पावर, त्या प्रकल्पाच्या कालावधीपुरती, पुन्हा नेमणूक होऊ शकते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. जर्मनीच्या सर्वसाधारण कामगार कायद्यानुसार, विशेष कारण दाखविल्यावाचून मुदतीची नोकरी सामान्यतः दोन वर्षांपलीकडे नेता येत नाही. मग विद्यापीठाला बारा वर्षांची मोकळीक कशाच्या आधारावर मिळाली? या काळात माणूस आपली पात्रता संपादन करीत असतो, म्हणजे तो अजून घडत असतो, हा तो आधार होय. ज्याला आपण नोकरी म्हणतो, तिला कायदा शिक्षण समजतो. विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्रात कोणीतरी शिकवावयाचे असते, उत्तरपत्रिका तपासावयाच्या असतात, उपकरणे चालू ठेवावयाची असतात. ही कामे कायमची आहेत. ती करणारा मात्र शिकाऊ मानला गेल्याने त्याची नेमणूक तात्पुरती ठरते. कामाची मुदत संपत नाही, माणसाची संपते. बारा वर्षांनंतर त्याला कायम करण्यास कायद्याची आडकाठी नाही. परंतु प्राध्यापकपदाखाली कायम जागाच इतक्या थोड्या की, मुदतीची समाप्ती म्हणजे बहुधा व्यवसायाचीच समाप्ती होते. त्या वेळी त्याचे वय चाळिशीच्या आसपास असते.

या कल्पनेवर उघड वाद माजला तो २०२१ साली. केंद्रीय शिक्षण व संशोधन मंत्रालयाने कायदा समजावून देण्यासाठी काही वर्षांपूर्वी एक छोटी चित्रफीत तयार केली होती. तीत हान्ना नावाची एक काल्पनिक जीवशास्त्रज्ञ होती. आणि एकाच पिढीने सगळ्या जागा अडवून धरू नयेत, प्रवाह मोकळा राहावा, म्हणून मुदतीचे करार असतात, असे त्यात सांगितले होते. मूळ जर्मन क्रियापद नळात कचरा अडकून तो तुंबतो, त्या अर्थाचे आहे. जून महिन्यात तीन अभ्यासकांच्या पुढाकाराने हजारो संशोधकांनी ‘मी हान्ना आहे’ या शब्दांत आपापल्या करारांची हकीगत जाहीर केली. चित्रफीत मागे घेण्यात आली. आपल्याला पगार कमी मिळतो, हा त्या हकीगतींतील मुख्य सल नव्हता; अनेक वर्षे संस्थेचे काम केल्यानंतर आपली गणना अडथळ्यात व्हावी, हा होता.

कायद्याच्या समर्थकांचा युक्तिवाद मात्र झटकून टाकण्याजोगा नाही. सर्व जागा आज कायम भरल्या, तर पुढील वीस-पंचवीस वर्षे नव्यांना दार बंद होईल, ही भीती खरी आहे. तथापि मुदती जागांचे प्रमाण किती असावे, हा निसर्गनियम नसून धोरणाचा प्रश्न आहे. फ्रान्समध्ये प्राध्यापकाच्या खालचा ‘मेत्र द काँफेरांस’ हा दर्जा कायम शासकीय सेवेचा आहे. जर्मनीत मात्र पद प्राध्यापकाच्या आसनाभोवती गुंफलेले असते, आणि त्या आसनाखालची पायरी जाणूनबुजून सरकती ठेवलेली आहे.

या व्यवस्थेचा परिणाम केवळ व्यक्तींवर होत नाही, ज्ञानावरही होतो. भाषाशास्त्रातील उदाहरण बोलके आहे. हानोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केल्याचा निषेध केल्यामुळे १८३७ साली ग्रिम बंधूंना ग्योटिंगेन विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. त्या निरुद्योगाच्या काळात, १८३८ साली, प्रकाशकाच्या सूचनेवरून त्यांनी जर्मन कोशाचे काम पत्करले. पुढे बर्लिनमध्ये त्यांना राजाश्रय मिळाला आणि पहिला खंड १८५४ साली पूर्ण झाला. विल्हेल्म १८५९ मध्ये व याकोब १८६३ मध्ये निवर्तले, तेव्हा कोश ‘एफ’ या अक्षरापलीकडे गेला नव्हता. त्यानंतर कित्येक दशके तो विद्वानांच्या फावल्या वेळावर रेंगाळला. १९३० साली बर्लिनमध्ये पूर्णवेळ वेतनी कर्मचाऱ्यांचे कार्यालय उभे राहिले, तेव्हा त्याला खरी गती आली. आणि १९६१ साली तो पुरा झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली आरंभिलेल्या संस्कृत कोशाचा पहिला भाग १९७६ साली निघाला, हेही येथे आठवावे. असली कामे दोन-तीन वर्षांच्या करारावर कोणी हाती घेत नाही. ज्याला पुढच्या नेमणुकीसाठी लवकर काहीतरी छापून दाखवावयाचे आहे, तो लवकर संपणारा प्रश्नच निवडतो.

महाराष्ट्रातील वाचकाला हे वर्णन परके वाटू नये. येथे मंजूर पदे रिक्त राहतात, आणि तीच अध्यापनाची कामे ‘तासिका तत्त्वावर’ नेमलेल्या पदव्युत्तर व डॉक्टरेटधारक तरुणांकडून करून घेतली जातात. जर्मन करार वर्षे मोजतो, येथील करार घड्याळाचे तास मोजतो. वर्गातील तास हिशेबात धरला जातो. त्या तासाची तयारी, सुट्टीतील वाचन आणि संशोधन हे हिशेबाबाहेर राहते. तेथे माणसाला ‘अजून घडणारा’ म्हटले जाते, येथे त्याला तासिकांच्या संख्येत विभागले जाते. शब्द वेगळे असले, तरी कायम काम व हंगामी माणूस ही जोडी दोन्हीकडे तीच आहे.

२०२५ साली निघालेल्या जर्मन शासकीय अहवालाच्या शीर्षकातून ‘नाखवूक्स’ हा शब्द गेला. त्याच्या जागी व्यवसायाच्या आरंभीच्या टप्प्यातील संशोधक, असा शब्दप्रयोग आला. बदल स्वागतार्ह आहे. परंतु शब्द बदलला म्हणजे व्यवस्था बदलली असे होत नाही. एखादे काम दरवर्षी करावे लागत असेल, तर ते करणाऱ्यास शिकाऊ म्हणावे की सेवक, या प्रश्नाचे सरळ उत्तर दोन्ही देशांतील विद्यापीठांना द्यावे लागेल. आणि ते उत्तर नव्या संज्ञेत नव्हे, नेमणूकपत्रात लिहावे लागेल.