दुखापत, पार्टी आणि संघात परतणं

आइस हॉकीतला जखमी खेळाडू पार्टीच्या फोटोत दिसला की चाहते विचारतात, मग हा खेळत का नाही? अहो, ग्लास धरून उभं राहणं वेगळं आणि बर्फावर धडक झेलणं वेगळं!

खरा प्रश्न ग्लासात काय आहे हा. व्यायामानंतर स्नायू नवी प्रथिनं बांधतात. 2014 च्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात 8 तरुणांना दमवून व्होडका पाजली (असल्या प्रयोगाला परवानगी मिळते याचंच मला नवल). नुसती प्रथिनं घेतली त्या तुलनेत, प्रथिनं अधिक दारू घेतल्यावर ही बांधणी 24 टक्क्यांनी घटली. कर्बोदकं अधिक दारूवर 37 टक्क्यांनी. पण स्नायू निरोगी होते आणि मात्रा साधारण 12 पेगांची. एका बियरला हा आकडा लावू नका.

मला जास्त काळजी कन्कशनची, म्हणजे मेंदूला बसलेल्या धक्क्याची वाटते. तिथे परतणं टप्प्याटप्प्यानं होतं: हलका व्यायाम, स्केटिंग, धडक नसलेला सराव, मग पुढचं. लक्षणं वाढली की एक पायरी मागे. आता डोकेदुखी, मळमळ, उजेड नकोसा होणं हे धक्क्याचं की कालच्या रात्रीचं? डॉक्टरांना बरंचसं खेळाडूच्या सांगण्यावरच ठरवावं लागतं.

आणि पार्टीचा काही संबंध नसतानाही हे अवघडच असतं. सिडनी क्रॉसबी जानेवारी 2011 मध्ये जखमी झाला, 21 नोव्हेंबरला परतला, त्याच सामन्यात 2 गोल केले. डिसेंबरात लक्षणं उलटली. पुन्हा खेळायला मार्च 2012 उजाडला.