दोन वह्यांचा ताळा

कारखान्याच्या फाटकावर एक हजेरीपट असतो आणि कचेरीत त्याची दुसरी प्रत. दोहोंत फरक पडला, की कामगाराच्या पगाराला कात्री लागते. संगणकाच्या जगातही प्रश्न हाच आहे. आपल्या संगणकावरील फोल्डर ही पहिली वही. दूरच्या संकेतस्थळावरील मजकूर ही दुसरी. पहिलीतील बदल दुसरीत उतरवणे म्हणजे समक्रमण. आणि त्यासाठी एकदाच क्रमाने लिहून ठेवलेल्या आज्ञांची चिठ्ठी म्हणजे स्क्रिप्ट.

रोज सर्व मजकूर पाठवणे म्हणजे एका ओळीसाठी सबंध वही नकलून काढणे होय. १९९६ साली ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी यावर ‘आरसिंक’ हे साधन तयार केले. ते प्रथम प्रत्येक फाइलीचा आकार व बदलाची वेळ पाहते. फरक आढळल्यास पलीकडचा संगणक आपल्या जुन्या फाइलीचे तुकडे पाडून प्रत्येकाचा ताळा कळवतो. इकडचा संगणक ते पडताळतो आणि न जुळलेला भागच पाठवतो.

नोकर चोख खरा. पण मूळ वही कोणती, हे त्याला आपणच सांगावे लागते. आज्ञेत आधी लिहिलेला फोल्डर मूळ, नंतरचा नक्कल. ‘मुळात नाही ते नकलेतून पुसावे’ अशीही सूचना देता येते. तिनेच मला धडा दिला. सभासदांची यादी मी बाहेरून जोडायच्या डिस्कवर ठेवीत असे. एका रात्री डिस्क घरी खणात राहिली. स्क्रिप्ट ठरल्या वेळी चालली, तिला फोल्डर रिकामा दिसला आणि तिने संकेतस्थळावरील यादीही पुसली. सकाळी कडेगावच्या एका कामगाराने विचारले, “अण्णा, माझं नाव काढलं काय?” पटावरून नाव जाणे ज्याने भोगले आहे, त्यालाच त्या प्रश्नातील धास्ती कळेल. यादी खणात सुखरूप होती; विश्वास मात्र पुन्हा मिळवावा लागला.

तेव्हापासून तीन पथ्ये पाळतो. मूळ फोल्डर रिकामा असेल, तर स्क्रिप्टने तेथेच थांबावे. नवी आज्ञा आधी ‘कोरडी’ चालवावी; काय जाईल, काय पुसले जाईल, एवढेच ती सांगते, कशालाही हात लावीत नाही. आणि तारीख घालून एक वेगळी प्रत ठेवावी. कारण समक्रमण आपली चूकही तितक्याच इमानाने उतरवते.

ताळा यंत्र करील. खरी वही कोणती, याचा जबाब मात्र आपणच द्यायचा आहे.