धौलीचा सूर्यास्त बघायला जाताय? आधी पायथ्याच्या दगडापाशी गाडी थांबवा

रब्बीची पेरणी उरकली की गावागावांतून जगन्नाथपुरीच्या बसेस निघतात. सोबत आचारी, शेगडी, पातेली, पिठाच्या गोण्या. पुरीचं दर्शन, समुद्रस्नान, कोणार्कचं सूर्यमंदिर, आणि भुवनेश्वरच्या वाटेवर संध्याकाळी एक डोंगर. कार्यक्रमपत्रिकेत त्याची एकच ओळ असते : 'धौली शांतीस्तूप, सूर्यास्त'. बस थेट वर जाते. ड्रायव्हर किंवा गाईड सांगतो, 'वीस मिनिटांत या.' फोटो होतात, चहा होतो, सूर्य बुडतो, बस खाली येते.

ज्या दगडामुळे हा डोंगर इतिहासात आहे, तो दगड मात्र जाताना आणि येताना दोन्ही वेळा खिडकीतून मागे निघून जातो. बऱ्याच जणांना घरी परत आल्यावरही त्याचा पत्ता नसतो.

डोंगर एक, गोष्टी दोन

धौली भुवनेश्वरपासून सुमारे ८ किलोमीटरवर, पुरीच्या रस्त्यालगत आहे. खाली दया नदी, भोवती भाताची खाचरं, वर चढणाऱ्या रस्त्याकडेला काजूची झाडं. माथ्यावर दिसतो तो पांढराशुभ्र स्तूप. तो प्राचीन आहे असं अनेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात तो १९७२ सालचा आहे. जपानी बौद्ध भिक्खू निचिदात्सु फुजी यांच्या संघाने तो उभारला. लोक त्यांना फुजी गुरुजी म्हणत. हेच फुजी गुरुजी १९३३ साली वर्ध्याला येऊन महात्मा गांधींना भेटले होते. वर्ध्याचा विश्वशांती स्तूप आणि बिहारमधला राजगीरचा स्तूपही त्यांच्याच परंपरेतले. वर्ध्याचा स्तूप ज्यांनी पाहिलाय, त्यांना धौलीचा घुमट बघताच ओळख पटते.

दुसरी गोष्ट पायथ्याशी आहे. वर जाणाऱ्या रस्त्यालाच एक मोठा खडक लागतो. खडकाच्या वरच्या अंगाला हत्तीचा पुढचा अर्धा भाग कोरलाय, जणू हत्ती दगडातून बाहेर पडतोय. त्याखाली सपाट केलेल्या भागावर ब्राह्मी लिपीत ओळीच्या ओळी खोदल्यात. हा सम्राट अशोकाचा शिलालेख. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला, म्हणजे सव्वादोन हजार वर्षांहून जुना. पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणात आहे, त्यामुळे हात लावता येत नाही, आडोशातूनच बघायचा. अक्षरं झिजलेली आहेत. नुसतं बघून काही कळत नाही, हे खरं. म्हणूनच लोक दोन मिनिटांत निघतात, किंवा थांबतच नाहीत.

इथला सूर्य लवकर मावळतो

आपल्याकडच्या मंडळींची हमखास फसगत होते ती वेळेत. ओडिशा आपल्यापासून बरंच पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र देशभर एकच. सातारा, सोलापूर, नगरकडच्या माणसाला सवय असते त्यापेक्षा तिथे सूर्य सुमारे पाऊण तास आधी मावळतो. नागपूरकडच्यांना फरक अर्ध्या तासाचा. डिसेंबरच्या सुरुवातीला भुवनेश्वरला पाच वाजून पाच-सात मिनिटांनीच सूर्यास्त होतो. जूनमध्ये तो साडेसहाच्या जवळ जातो. 'सहाला पोहोचू, सूर्यास्त मिळेल' असा हिशोब हिवाळ्यात केला तर मिट्ट काळोख मिळतो.

कोणार्कला जेवण लांबलं, वाटेत पिपिलीला कापडी चांदव्यांच्या दुकानांत बायामंडळी रमली, की तासभर कुठे जातो कळत नाही. म्हणून यात्रा कंपनीशी पैसे ठरवतानाच बोलून ठेवावं : हिवाळ्यात गाडी पावणेचारला धौलीच्या पायथ्याशी हवी. अर्धा तास दगडापाशी, मग वर. खालचं आधी आणि वरचं नंतर हाच क्रम बरोबर, कारण अंधार पडल्यावर स्तूपावर दिवे असतात, पण शिलालेख बघण्यात काही राम राहत नाही.

गाईड नदीची गोष्ट सांगेल

गाईड घेतला तर तो पहिल्यांदा कलिंगच्या युद्धाची गोष्ट सांगणार, हे ठरलेलं. इ.स.पू. २६१ च्या सुमारास अशोकाने कलिंग, म्हणजे आजचा ओडिशाचा भाग, जिंकला. रक्ताने दया नदी लाल झाली, ते पाहून राजाचं मन पालटलं, त्याने तलवार टाकली. गोष्ट ऐकायला जबरदस्त आहे आणि नदी समोरच दिसत असते, त्यामुळे अंगावर काटाही येतो. पण नदी लाल झाल्याची गोष्ट लोककथेतली आहे. अशोकाच्या लेखात ना दया नदीचं नाव आहे, ना रणांगणाचं.

युद्धाची माहिती खुद्द अशोकानेच दिलीय, पण ती तेराव्या शिलालेखात. एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख लोकांना पकडून नेलं, त्याच्या कैक पट नंतर मेले आणि याचं आपल्याला दुःख आहे, असं राजाने स्वतः खोदून ठेवलं. जिंकलेल्या राजाने असं लिहिल्याचं उदाहरण शोधून सापडणार नाही. मात्र हा तेरावा लेख धौलीला नाहीच. तो आजच्या पाकिस्तानातल्या शाहबाजगढीला आहे, उत्तराखंडात कालसीला आहे. धौलीच्या खडकावर एक ते दहा आणि चौदावा एवढे लेख आहेत. अकरा, बारा, तेरा गाळले आणि त्यांच्या जागी दोन वेगळे लेख खास इथल्यासाठी कोरले. ओडिशातच गंजाम जिल्ह्यात जौगढला तसंच केलंय. ज्यांची माणसं मेली त्यांच्याच दारात मेलेल्यांचा आकडा लिहून जखमेवर मीठ चोळायला नको, म्हणून तेरावा गाळला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

गाईडला एवढंच विचारायचं : 'तेरहवाँ लेख यहाँ क्यों नहीं है?' खरा माहितगार असेल तर तो खुलतो आणि मग सगळी बस ऐकत राहते. नुसता फोटो काढून देणारा असेल तर तेही लगेच कळतं.

त्या जागी लिहिलं काय?

तेराव्याच्या बदली जे लिहिलं, ते वाचण्यासारखं आहे. तोसली हे त्या वेळचं इथलं मुख्य शहर. तिथल्या न्यायनिवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांना राजाने हुकूम सोडलाय. मतलब असा : तुम्हाला हजारो माणसांवर नेमलंय ते त्यांचा जिव्हाळा मिळवण्यासाठी. सगळी माणसं ही माझी लेकरं. पोटच्या पोरांचं जसं भलं व्हावं वाटतं, तसंच सगळ्यांचं व्हावं.

लेखात यासाठी 'पजा' हा शब्द आहे, म्हणजे प्रजा. आपल्याकडे म्हातारी माणसं अजून 'तुला प्रजा किती?' असं विचारतात, तेव्हा त्यांना लेकरंच म्हणायची असतात. तोच जुना अर्थ इथे आहे. माणसांसाठी शब्द आहे 'मुनिस'. आपल्या 'माणूस'पासून तो लांब नाही. ही प्राकृत भाषा, आणि मराठीही प्राकृतातूनच आली. राजाला मात्र इथे 'लाजा' म्हटलंय. पूर्वेकडच्या बोलीत 'र'चा 'ल' व्हायचा.

पुढे हुकूम आणखी नेमका होतो. कुणाला विनाकारण कैद होते, कुणाचा छळ होतो, एकाच्या पायी बाकीचेही भोगतात, असं घडता कामा नये. असं का घडतं, याची कारणंही राजाने मोजून दिलीत : मत्सर, चिडखोरपणा, निष्ठुरपणा, घाई, सराव नसणं, आळस आणि थकवा. हे सात दोष अंगात असले की अधिकारी निःपक्षपाती राहत नाही. एका दाखल्यासाठी तालुक्याला चार हेलपाटे मारलेल्या माणसाला ही यादी समजावून सांगावी लागणार नाही.

नुसतं सांगून राजा थांबला नाही. दर पाच वर्षांनी कडक नसलेला, सौम्य स्वभावाचा अधिकारी तपासणीला पाठवीन, असंही लिहिलं. उज्जैन आणि तक्षशिला इथल्या तपासणीचंही त्यात आहे.

आणि मग एक बारीक गोष्ट आहे, ती गाईड सहसा सांगत नाहीत. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावा, असं त्यातच लिहिलंय. तिष्य म्हणजे आपलं पुष्य नक्षत्र. मधल्या काळातही जमेल तेव्हा वाचावा, आणि ऐकणारा एकटा असला तरी वाचावा. म्हणजे हा दगड मुळात डोळ्यांनी बघायसाठी नव्हताच, कानांनी ऐकायसाठी होता. तेव्हाच्या शेतकऱ्याला ब्राह्मी वाचता येत होती असं नाही. कुणीतरी वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. चांगला गाईड इथे तेच काम करतो. बसमधल्या आजीबाईंना अक्षर येत नसेल, तरी त्या इथे कुणापेक्षा मागे नाहीत. गाईड नसेल तर गाडीतल्या एखाद्या पोराने मोबाईलवर लेखाचा मराठी किंवा हिंदी अर्थ आधीच उतरवून ठेवावा आणि दगडासमोर मोठ्याने वाचावा.

हा लेख यात्रेकरूंसाठीही आहे

याच खडकावरचा आठवा लेख तर थेट यात्रेबद्दलच आहे. पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी फिरायला जात. अशोक राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर बोधगयेला गेला आणि त्याने धम्मयात्रा सुरू केली. या यात्रेत काय करायचं? ब्राह्मण-श्रमणांना भेटून दान द्यायचं, म्हाताऱ्यांची विचारपूस करायची, आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटून त्यांच्याशी धम्माबद्दल बोलायचं. म्हणजे राजाच्या यात्रेत गावकरी हे बघायचं ठिकाण होतं.

या आठव्या लेखाचा एक तुकडा महाराष्ट्रातही सापडलाय. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना तो नालासोपाऱ्याला मिळाला. आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. ओडिशापर्यंत जाणं जमत नसेल, तर मुंबईच्या फेरीत तो बघता येतो.

आपल्याकडच्या बौद्ध कुटुंबांना या जागेचं नातं वेगळं सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली, तो दिवस अशोक विजयादशमीचा होता. तरीही बोधगया, सारनाथ, कुशीनगरच्या सहलींत धौली सहसा नसतं, कारण ते त्या वाटेवर नाही. पुरीला जाणाऱ्यांच्या ते वाटेवर आहे आणि त्यांना ते ठाऊक नसतं. अशी ही गंमत आहे.

गाईड ठरवताना

गाईडकडे सरकारी ओळखपत्र आहे का, ते मागून बघावं. मागण्यात कमीपणा नाही. पैसे आधी ठरवावेत, माणशी की सगळ्या गाडीचे हे स्पष्ट करावं, आणि 'नीचे का शिलालेख और ऊपर का स्तूप, दोनों' असं बोलून घ्यावं. नाहीतर फक्त वरचंच दाखवतात. बहुतेकांना हिंदी येतं. पन्नास माणसांत एक गाईड घेतला तर माणशी खर्च चहापेक्षा फार होत नाही.

वर गेल्यावर चपला काढून पायऱ्या चढायच्या. स्तूपाच्या चारी बाजूंना बुद्धाच्या मूर्ती आणि शिल्पपट आहेत, प्रदक्षिणा उजवीकडून. मागच्या बाजूला धवलेश्वर महादेवाचं मंदिर आहे, पुरीच्या यात्रेकरूंचं दर्शनही तिथे होऊन जातं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पायऱ्या घाईने चढू नयेत. खालून दिसणारा सूर्यही तोच असतो.

सूर्यास्ताला कठड्यापाशी गर्दी होते. पश्चिमेला दयेचं पात्र आणि भाताची शेतं पसरलेली दिसतात, आधी पाणी तांबूस होतं, मग शेतं काळी पडत जातात. गाईडची नदीवाली गोष्ट इथे प्रत्येकाला आठवतेच. काळोख झाल्यावर ध्वनी-प्रकाश कार्यक्रम असतो. तो कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या भाषेत, हे त्याच दिवशी फाटकावर विचारून घ्यावं, वेळा बदलतात. त्यासाठी थांबणार असाल तर आचाऱ्याला आधी फोन करून ठेवा, जेवायला रात्रीचे साडेआठ होतील. आणि उतरताना माणसं मोजूनच गाडी सोडा, पांढऱ्या स्तूपाभोवती अंधारात दहा बसेस उभ्या असल्या की सगळ्या एकसारख्याच दिसतात.