विश्लेषण : गाडीला नायट्रस किट लावले तर काय होते? धाराशिवच्या उन्हात ते का अवघड?

बटण दाबले, की गाडी गोळीसारखी सुटते. २००१ मध्ये आलेल्या ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ या चित्रपटामुळे हे दृश्य जगभर पोहोचले. आता तेच रील्समधून रोज मोबाइलवर दिसते आणि सोलापूर-धुळे महामार्गावर गाडी चालवणाऱ्या एखाद्या तरुणालाही वाटते, आपल्या गाडीला हे किट बसेल का? बसेल. मात्र त्यामागचे विज्ञान, आपल्याकडचे ऊन आणि कायदा या तीन गोष्टी आधी समजून घ्यायला हव्यात.

नायट्रस म्हणजे इंधन आहे का?

नाही. नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही, ते दुसऱ्याला जळायला मदत करते. दातांच्या दवाखान्यात आणि शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना वापरला जाणारा ‘लाफिंग गॅस’ तो हाच. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, तर नायट्रसमध्ये सुमारे ३६ टक्के. इंजिनमध्ये साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे हा वायू फुटतो आणि त्यातला ऑक्सिजन मोकळा होतो. ऑक्सिजन जास्त मिळाला की जास्त पेट्रोल जाळता येते आणि तेवढी ताकद वाढते. दुसरा फायदा गारव्याचा. बाटलीतले द्रव नायट्रस बाहेर पडताना वायूत बदलते आणि आत येणारी हवा थंड करते. थंड हवा दाट असते, म्हणून सिलिंडरमध्ये ती जास्त मावते.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने काही लढाऊ विमानांत हीच युक्ती वापरली. उंचावर हवा विरळ होते, तिथे इंजिनाला नायट्रस देऊन ताकद टिकवली जात असे.

किटमध्ये काय काय असते?

डिकीत बांधलेली बाटली, तिथून पुढे येणारी जाड नळी, विजेवर उघडणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि इंजिनाच्या हवेच्या वाटेत बसवलेला नोझल. किती वायू जाणार हे ‘जेट’ नावाच्या बारीक छिद्राच्या तुकड्यावर ठरते. ‘वेट’ प्रकारात नोझलमधून नायट्रस आणि जादा पेट्रोल एकत्र फवारले जाते. ‘ड्राय’ प्रकारात फक्त नायट्रस जाते आणि जादा पेट्रोल गाडीचेच इंजेक्टर देतात. त्यासाठी ईसीयूचे ट्युनिंग बदलावे लागते. ‘डायरेक्ट पोर्ट’मध्ये प्रत्येक सिलिंडरला वेगळा नोझल असतो.

काम करणारा माणूस जाणकार असेल, तर तो आणखी चार गोष्टी करतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असेल आणि इंजिन ठरावीक आरपीएमच्या वर असेल तरच वायू सुटेल, असे स्विच तो लावतो. इग्निशन टायमिंग थोडे मागे घेतो. ‘कोल्ड’ प्रकारचे स्पार्क प्लग घालतो. बाटलीच्या सेफ्टी व्हॉल्व्हची नळी गाडीबाहेर काढतो, म्हणजे गळती झालीच तर वायू बंद केबिनमध्ये साठून आतल्यांचा जीव गुदमरणार नाही.

एवढ्या खटाटोपातून ५० अश्वशक्तीची वाढ घेतली, तर साडेचार किलोची बाटली जेमतेम तीन-चार मिनिटे पुरते. आपल्याकडच्या १.२ लिटरच्या पेट्रोल गाड्यांची मूळ ताकदच साधारण ८० ते ९० अश्वशक्ती असते. म्हणजे कंपनीने जेवढा विचार करून इंजिन बनवले, त्याच्या दीडपट जोर पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्लचवर येतो.

मग ऊन कुठे आड येते?

टायरमध्ये आपण ३२-३३ पीएसआय हवा भरतो. नायट्रसच्या बाटलीत २० अंशांना सुमारे सव्वासातशे पीएसआय दाब असतो. तापमान वाढले की तो झपाट्याने चढतो. ३६ अंशांपर्यंत तो हजाराच्या पुढे जातो. साधारण साडेछत्तीस अंशांनंतर तर बाटलीत द्रव आणि वायू असा फरकच उरत नाही. एप्रिल-मेमध्ये धाराशिवचा पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात लावलेल्या बंद गाडीत तो त्याहून कितीतरी वर जातो. बाटली प्रमाणापेक्षा जास्त भरलेली असेल, तर सेफ्टी डिस्क फुटून सगळा वायू एकदम बाहेर पडू शकतो.

इंजिनाचा धोका वेगळाच. दाब वाढला की नायट्रस जास्त सुटते, पेट्रोल मात्र ठरल्याएवढेच येते. मिश्रणात पेट्रोल कमी पडले की इंजिन भयंकर तापते, नॉकिंग सुरू होते आणि काही सेकंदांत पिस्टन वितळू शकतो. डिसेंबरच्या थंड पहाटे उलटे घडते. दाब कमी, नायट्रस कमी, पेट्रोल जास्त. म्हणून सकाळी जुळवलेली सेटिंग दुपारी चुकीची ठरते. स्पर्धेत उतरणारे धावण्याआधी दरवेळी दाबाचा काटा पाहतात, तो याच कारणाने.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीच्या मूळ तपशिलाशी आरसीवरची नोंद जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. बेकायदा बदलासाठी कलम १८२-अ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. अपघात झाला आणि असा बदल उघड झाला, तर विम्याचा दावा अडकू शकतो.

बाटलीचाही प्रश्न आहे. अशा दाबाचे सिलिंडर आणि ते भरण्याची जागा गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतात. त्यांना मान्यता देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे. कुठूनतरी मिळवलेले सिलिंडर कुठेतरी भरून आणणे, हा त्यातला सर्वांत धोकादायक मार्ग.

हौस असेल तर?

ती ट्रॅकवर भागवावी. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ ही ड्रॅग स्पर्धा भरत आली आहे. तिथे सरळ, मोकळी पट्टी असते आणि समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर येत नाही.

रोजच्या गाडीला येडशीच्या घाटात पिकअप कमी वाटत असेल, तर आधी एअर फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच आणि टायरमधली हवा तपासा. डिझेल गाडी असेल तर टर्बोचा पाइप कुठे फाटला नाही ना, तेही पाहा. ओव्हरटेक करण्याआधी एक गिअर खाली घ्या. हरवलेली ताकद बऱ्याचदा यातच सापडते आणि त्यासाठी डिकीत बाटली बांधावी लागत नाही.