गाळलेल्या दोन दातांचा हिशेब

पेट्रोल इंजिनात पिस्टन वर टोकाला पोहोचण्याच्या थोडे आधी ठिणगी पडावी लागते, कारण मिश्रण पेटून दाब चढायला वेळ लागतो. मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगात क्रँकशाफ्ट एक अंश फिरायला जेमतेम ५६ मायक्रोसेकंद लागतात. एवढ्या घाईत ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, पिस्टनचा ठावठिकाणा सांगतो तो क्रँक सेन्सर.

अनेक मोटारींत क्रँकवरच्या चकतीला ६० दातांची जागा असते, पण दात ५८च. दर ६ अंशांना एक दात सेन्सरसमोरून जातो. गाळलेल्या दोन दातांपाशी मधला वेळ एकदम तिप्पट होतो आणि ईसीयूला मोजणीची सुरुवात सापडते. ही मोकळी जागा पिस्टनच्या वरच्या टोकाच्या बरेच अंश आधी ठेवतात. सेल्फ मारताना कॉम्प्रेशनपाशी क्रँक मंदावतो; तिथलाच वाढलेला वेळ खूण समजला गेला, तर सगळी मोजणी चुकेल. फार विचारपूर्वक केलेली रचना आहे ही.

फोर-स्ट्रोक चक्र मात्र क्रँकच्या दोन फेऱ्यांचे, म्हणजे ७२० अंशांचे. पिस्टन वर आला तो कॉम्प्रेशनमध्ये की एक्झॉस्टमध्ये, हे निम्म्या वेगाने फिरणाऱ्या कॅमवरचा सेन्सर सांगतो. त्यावरून योग्य सिलिंडरचा इंजेक्टर उघडतो. सीडीआय इग्निशनच्या मोटरसायकलींत पल्सर कॉइल ठिणगीपुरते क्रँक सेन्सरचेच काम करत आली. २०२० मध्ये भारतात बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर बहुतेक दुचाकींत कार्ब्युरेटर गेला आणि मॅग्नेटोशेजारच्या सेन्सरवर इंधनाचीही जबाबदारी आली.

चुंबक आणि कॉइलच्या सेन्सरचा व्होल्टेज वेगावर अवलंबून असतो, त्यामुळे बॅटरी उतरून सेल्फ मंद फिरला की सिग्नलही क्षीण होतो. टोकाला लोखंडी कीस चिकटला किंवा दातांपासूनचे अंतर वाढले, तरी तेच. दोन वायरी उलट जोडल्या गेल्या तर गाडी सुरू होईलही, पण टायमिंग सरकलेले राहते. हॉल सेन्सर मंद वेगातही स्वच्छ सिग्नल देतो. त्याला वेगळा वीजपुरवठा मात्र लागतो.

सर्वांत चकवणारा बिघाड उष्णतेचा. कॉइलची बारीक तार गरम झाल्यावर तुटक होते, गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने काहीच न झाल्यासारखी सुरू होते. सिग्नल थांबल्यावर ईसीयू पेट्रोल पंपही बंद करतो, म्हणून संशय पंपावर जातो आणि चांगला पंप बदलला जातो. थंड सेन्सरचा रेझिस्टन्स मीटरवर ठीकच दिसतो. तपासणी गाडी गरम असतानाच करावी: सेल्फ फिरत असूनही स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसत असेल, तर पंपाला हात लावण्याआधी क्रँक सेन्सर, त्याची वायरिंग आणि कपलर पाहावे.