ड्रोनची बॅटरी : तिचे आयुष्य व तिची निगा

औषध फवारणारा ड्रोन आता आपल्याकडील शेतांच्या बांधावर येऊन पोहोचला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने १५,००० महिला बचत गटांना असे ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. यंत्राचे पाते मोडले तर ते बदलता येते; परंतु बॅटऱ्या अकाली गेल्या, तर गटाच्या भगिनींच्या हाती उधारीची वही तेवढी उरते. म्हणून हा विषय केवळ हौशी मंडळींचा आहे असे आम्ही मानीत नाही.

ही बॅटरी झिजते कशी? भरताना लिथियमचे अतिसूक्ष्म कण ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना परत फिरतात. दर खेपेस त्यांतले थोडे ग्राफाइटवरील सायीसारख्या थरात कायमचे अडकतात. उष्णतेने ही साय जाड होते आणि आतील द्रव विघटून वायू धरतो. बॅटरी फुगते ती यामुळे.

एवढे कळले की बाकीचे ओघाने येते. प्रत्येक घटाचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. पाचवा हिस्सा वीज शिल्लक असतानाच यंत्र खाली उतरवावे. घट ३ व्होल्टच्या खाली गेला तर त्याला कायमची इजा होते. हंगाम संपल्यावर बॅटरी भरलेली ठेवू नये, रिकामीही ठेवू नये, घटाला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून सावलीच्या, थंड जागी ठेवावी व महिन्या-दोन महिन्यांनी पाहावी. वैशाखात पत्र्याच्या खोलीत पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी न वापरताच म्हातारी होते!

खरी अडचण कामाच्या वेळी येते. उतरलेली बॅटरी हाताला कढत लागते. ती निवल्याखेरीज भरू नये, असे प्रत्येक माहितीपत्रकात छापलेले असते. पण चालविणाऱ्याची मजुरी एकरावर ठरलेली असेल तर तो निवण्याची वाट का पाहील? हिशेब करून पाहू. उड्डाण १० मिनिटे, निवणे २०, भरणे ३० असे धरले, तर एक बॅटरी तासाने पुन्हा हाती येते. टाकी भरण्यासह दर पाव तासाला एक उड्डाण करावयाचे, तर चार बॅटऱ्या हव्यात. मालक दोनच देतो आणि त्या गेल्या की चालविणाऱ्याच्या निष्काळजीपणावर बोट ठेवतो. आमच्या मते हा दोष हाताचा नव्हे, कराराचा आहे. बॅटऱ्यांची संख्या व निवण्याचा वेळ करारात लिहून घ्यावा.

फुगलेली बॅटरी पुन्हा भरू नये, टोचू नये, घरात ठेवू नये. ती पेट घेते. कोरड्या वाळूच्या बादलीत, उघड्यावर ठेवावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेऊन विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. विकत घेतानाच विक्रेत्याला ती कोठे परत घेणार हे विचारावे, आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे.