ट्रॅकवरून घरात

शर्यतीचा ग्रेहाउंड निवृत्त होतो तेव्हा तो साधारण दोन ते पाच वर्षांचा असतो. पाय दुखावतो किंवा वेग उतरतो, आणि ट्रॅकच्या हिशेबातून तो वजा होतो. आयुष्याची सात-आठ वर्षे मात्र अजून शिल्लक असतात. ती वर्षे एखाद्या घरात जावीत म्हणून ब्रिटन, अमेरिका, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया अशा देशांत दत्तक देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. ब्रिटनमधली ग्रेहाउंड ट्रस्ट 1975 पासून हे काम करते आहे. कुत्रा न्यायला येणाऱ्यांच्या मनात बहुधा दया असते: बिचाऱ्याने फार सोसले, आता भरपूर माया दिली की सगळे ठीक होईल. ही दया खरी असते, पण एकटी पुरत नाही. हा कुत्रा कोरी पाटी नाही आणि मोडून पडलेला जीवही नाही. जगण्याची एक रीत तो पक्की शिकून आलेला असतो. घरात त्याचे जे गुण दिसतात आणि ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बहुतेक त्या एकाच रीतीतून आलेल्या असतात. ती रीत ज्याने समजून घेतली त्याच्याकडे तो सुखाने नांदतो, असे माझे म्हणणे आहे.

अमेरिकेतल्या ट्रॅकवर हे कुत्रे केनेलमध्ये राहत. आत पिंजऱ्यांच्या, म्हणजे क्रेटच्या रांगा, एकावर एक. ठरलेल्या वेळी दारे उघडत, मुसकी बांधलेले कुत्रे गटागटाने अंगणात सोडले जात आणि तिथेच त्यांचे सगळे विधी उरकत. वजन करणे, नखे कापणे, पाय चोळणे, कानातले गोंदण तपासणे यामुळे माणसांचे हात त्यांच्या अंगावर सतत असत. म्हणून हा कुत्रा घरी येतो तो दोरीला न ओढता चालणारा, पशुवैद्याच्या टेबलावर शांत उभा राहणारा आणि झोपायची जागा सहसा घाण न करणारा. पण बाहेर जायचे आहे हे सांगायची त्याला सवय नसते, कारण तिकडे दार वेळेवर आपोआप उघडायचे. पहिले काही आठवडे घरच्यांनीच घड्याळ पाळायचे असते. जिना त्याने पाहिलेलाच नसतो. एकाने पुढे, एकाने मागे उभे राहून एकेक पाय पायरीवर ठेवून दाखवावा लागतो. काचेचे दार त्याला मोकळी वाट वाटते, म्हणून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कागदी पट्ट्या चिकटवतात. गुळगुळीत फरशीवर तो थिजून उभा राहतो, तिथे सतरंजी अंथरावी. सर्वांत अवघड असते ते रिकामे घर. जन्मापासून तो भावंडांत आणि मग डझनावारी कुत्र्यांत झोपलेला असतो. एकटेपणा ही त्याला सर्वस्वी नवी गोष्ट. मिनिटभर बाहेर जाऊन परत यावे, मग पाच मिनिटे, मग पंधरा, अशा पायऱ्यांनीच ते जमते. झोपेचेही तसेच. क्रेटमध्ये झोपलेल्याला कुणी स्पर्श केलेला नसतो, त्यामुळे घरात कुणी अचानक कुरवाळले तर काही कुत्रे दचकून गुरगुरतात. एवढ्यावरून ‘मुलांच्या घरात नको’ म्हणून कुत्रा परत पाठवला जातो, याचे वाईट वाटते; कारण आधी लांबून नाव घेऊन उठवायचे आणि त्याच्या अंथरुणावर लोळायला जायचे नाही, हे मुलांना शिकवता येते.

एवढ्या वेगाच्या प्राण्याला फ्लॅट कसा पुरेल, अशी शंका हमखास घेतली जाते. तो ताशी साठ किलोमीटरच्या पुढे पळतो हे खरे, पण शर्यत जेमतेम अर्ध्या मिनिटात संपते. त्याचे स्नायू, मोठे हृदय, तांबड्या पेशींनी दाट झालेले रक्त ही सगळी तयारी त्या एका झेपेसाठी. उरलेल्या दिवसात तो झोपतो, आणि खूप झोपतो. त्याला जागा फार लागत नाही, पण दोरीची शिस्त मात्र कडक लागते. लातूरकडे ज्यांनी कारवानी कुत्रा पाळला आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही: नजरेने शिकार करणाऱ्या कुत्र्याला दूरवर काही हलताना दिसले की तुमची हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही. कुंपण नसलेल्या जागी त्याला कधीच मोकळे सोडू नये. त्याचे डोके मानेपेक्षा निमुळते असल्याने साधा पट्टा सहज निसटतो, म्हणून ताण आला की आवळणारा मार्टिंगेल पट्टा वापरतात. मांजरासोबत काही ग्रेहाउंड आनंदाने राहतात, काही कधीच राहू शकत नाहीत. चांगली संस्था हे आधी तपासून स्पष्ट सांगते. मुसकीवरून मात्र ग्रेहाउंडवर अन्याय झाला आहे. मुसकी असते ती मुख्यत्वे पातळ कातडीचे कुत्रे गटात धावताना एकमेकांना फाडू नयेत म्हणून. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात पाळीव ग्रेहाउंडलाही रस्त्यावर मुसकीची सक्ती होती आणि लोकांनी त्यावरून तो हिंस्र ठरवला. 2019 च्या सुरुवातीला ती सक्ती उठवली गेली.

पशुवैद्य निवडताना चौकशी करायला हवी. ग्रेहाउंडच्या रक्ताचे आकडे इतर कुत्र्यांसारखे नसतात: तांबड्या पेशी जास्त, प्लेटलेट कमी, थायरॉइडचे प्रमाणही कमी. हे ठाऊक नसेल तर निरोगी कुत्र्यावर नको ते औषध सुरू होते. चरबी अगदी थोडी आणि यकृताची काही औषधे निकामी करण्याची गती मंद, त्यामुळे थायोपेंटलसारख्या भुलीतून तो फार उशिरा बाहेर येतो. हाडांचा कर्करोग या जातीत अधिक आढळतो. मध्यम वयानंतरचे लंगडणे ‘जुनी दुखापत’ म्हणून सोडून देऊ नये.

सर्वांत गंभीर आक्षेप नैतिक आहे. दत्तक घेणारे लोक या धंद्याचा उरलेला माल निमूट उचलतात आणि त्याला स्वच्छ चेहरा देतात, असे काही प्राणिप्रेमी म्हणतात. यात तथ्य आहे. ट्रॅककडून कुत्रे मिळत राहावेत म्हणून अनेक संस्थांनी शर्यतीबद्दल मौन पाळले, आणि त्या मौनाचा फायदा धंद्याला झाला असे मलाही वाटते. पण आज क्रेटमध्ये असलेल्या कुत्र्याला घर नाकारून शर्यत थांबत नाही. ती कायद्याने थांबते. अमेरिकेतल्या फ्लोरिडात 2018 साली मतदारांनी सुमारे 69 टक्के मतांनी शर्यतींवर बंदी घातली. तेव्हा देशातल्या 17 ट्रॅकपैकी 11 तिथे होते. डिसेंबर 2020 च्या अखेरीस तिथली शेवटची शर्यत झाली. आता अमेरिकेत फक्त वेस्ट व्हर्जिनियात दोन ट्रॅक उरले आहेत आणि अमेरिकेतल्या काही दत्तक संस्था आयर्लंड-ऑस्ट्रेलियातून कुत्रे आणतात. म्हणजे मतदान आणि दत्तक या दोन गोष्टी एकाच माणसाला करता येतात. उलट बंदी आली की घरांची गरज एकदम वाढते. न्यूझीलंड सरकारने डिसेंबर 2024 मध्ये शर्यती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला तेव्हा सुमारे 2,900 कुत्रे शर्यतीत होते, आणि तयारीसाठी वीस महिन्यांची मुदत ठेवली गेली ती प्रामुख्याने त्यांना घरे शोधता यावीत म्हणून. त्या मुदतीत जिना चढायला शिकवणारी, एकटे राहण्याची सवय लावणारी तात्पुरती घरे जितकी मिळतील, तितके कुत्रे पुढच्या घरातून परत येणार नाहीत.